उत्स्फूर्ततेची रविवारची बॅच

आधी चहा संपवा, मग सांगतो. मधेच हसू फुटलं तर तो चहा माझ्या शर्टावर येणार, आणि हा शर्ट मला उद्या पण घालायचाय. काय आहे, माणसाची फजिती होते ती दुसऱ्या कोणामुळे तरी होते. नशीब म्हणून सोडून देता येतं. माझी फजिती मी स्वतः शिकवून, सराव घेऊन, पाठ करून तयार केलेली होती. असा मूर्ख अख्ख्या शहापूर तालुक्यात दुसरा सापडला तर मला फोन करा, मी त्याला घरी जेवायला बोलावतो.

माझा धंदा तुमाला माहीत आहे, पण ह्या नवीन पाव्हण्यांसाठी सांगतो. शहापूरच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानावर माझा क्लास आहे. गणित, विज्ञान, पाचवी ते दहावी. जिन्यात चपलांचा ढीग दिसला की समजायचं, सर आत आहेत. माझ्या क्लासची ख्याती एकच. माझ्या सगळ्या पोरांची उत्तरं सारखी येतात. शब्द सारखे, आकृती सारखी, शेवटची ओळ सारखी. पेपर तपासणाऱ्या एका मास्तरांनी मला एका लग्नात पंगतीत गाठलं आणि विचारलं, की तुमच्या क्लासचा एक पेपर वाचला की बाकीचे वाचायचे कशाला? मी ते कौतुक समजलो. खरं सांगू, अजून पण थोडं समजतो.

हे घरातून आलंय हो. आमच्या आजोबांच्या पिढीने देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले, पण परीक्षा काय कोणी सोडली नाय. आमच्याकडे पोर जन्माला आलं की ते दहावीला कुठल्या साली बसणार ते आधी काढतात. आणि त्यात चुकीचं काय? आजोबा मजुरीला जायचे, त्यांची पोरं पास झाली म्हणून खुर्चीत बसली. त्यामुळे शिक्षण म्हणजे पाठ करायचं, लिहून काढायचं आणि पास व्हायचं, एवढं मला पक्कं माहीत होतं. पोराला काय वाटतं, हा प्रश्न आमच्याकडे कुठल्याच पेपराला आला नव्हता.

तो माझ्याच पोरीने काढला.

सुजाता. घरात सुजू. तेव्हा दुसरीत होती, मोठ्या इंग्लिश मीडियममध्ये. टाय, बूट, पिवळी बस, सगळा थाट. आधी बरं चाललं, मग सकाळी पोटात दुखायला लागलं. टाय बांधली की पोट. बसचा हॉर्न वाजला की उलटी. मी म्हटलं, नाटकं. उज्ज्वला, म्हणजे माझी बायको, खर्डीच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिने पोट दाबून बघितलं, तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, पोट एकदम चांगलं आहे, पोरीला विचारा काय होतंय. पोरीला विचारलं तर पोरगी गप्प. ही पोरगी आधी इतकी बडबडी, की रिक्षावाला पण म्हणायचा, सर, हिला जरा पुढे बसवा, टाइमपास होतो. ती आता घरात पाव्हणा आला तरी पडद्यामागे जाऊन उभी राहायची.

एका सकाळी मी तिची उलटी पुसत होतो, तर ती मला म्हणाली, "सॉरी पप्पा." एवढीशी पोर. आजारी ती, आणि माफी माझी मागतेय. तेव्हा मात्र मला खरंच भीती वाटली.

मग उज्ज्वलाने केंद्रातल्या कोणाकडून तरी ऐकलं, की मुरबाड रस्त्याला आत एक नवीन शाळा निघालीय. नाव 'आपापली शाळा'. आता अशा शाळा आपल्याकडे पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवतात. मुंबईची माणसं सिद्धगडाच्या जंगलात ट्रेकला येतात, वर त्यांना साक्षात्कार होतो की आपण चुकीचं जगलो, आणि उतरताना ती वाटेत जमीन घेतात. अर्धे जण रिसॉर्ट काढतात, अर्धे शाळा काढतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बांबूचं फाटक, मातीच्या भिंती, आणि आत चप्पल काढून जायचं.

आमी तिघं गाडीवरून गेलो. शाळा चालवणाऱ्या बाई समोर आल्या. हातमागाचा कुर्ता, अनवाणी पाय, चेहऱ्यावर एकदम शांतता. मी म्हटलं, नमस्कार मॅडम. त्या म्हणाल्या, इथे सर-मॅडम नसतं, मला अनुजाताई म्हणा, मुलं तर नुसतं अनुजा म्हणतात. माझी जीभ काय वळेना. मी 'अनुजाताई मॅडम' म्हणालो.

त्यांनी आमाला शाळा दाखवली. दाखवली म्हणजे काय, वर्गच नव्हते तर दाखवणार काय? वेळापत्रक नाय, तास नाय, घंटा नाय. मूल आपल्या वेगाने, आपल्या आवडीने, आपली वाट शोधतं, असं त्या सांगत होत्या. "आम्ही शिकवत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही फक्त असतो."

एक मुलगा गवतावर उताणा पडला होता. मी विचारलं, हा काय शिकतोय? तर म्हणाल्या, तो थांबायला शिकतोय. म्हटलं, बरोबर आहे, ह्याला पुढे सरकारी नोकरी नक्की. मनातल्या मनात हो. तिकडे एक मुलगी मातीची चूल घालत बसली होती. ती भूमिती करत होती म्हणे. माझ्या आईने जन्मभर चुली घातल्या, बिचारीला कोणी सांगितलंच नाय की तू भूमिती करतेस. आणि कुंपणाच्या बाहेर पाड्यावरची पोरं उभी राहून बघत होती, की आपण जे फुकट करतो ते ही गाडीतून आलेली पोरं फी भरून कशाला करतात.

मी असा सगळ्याची टिंगल करत हिंडत होतो आणि सुजूने माझा हात सोडला. कुठे गेली बघतो, तर कोंबड्यांच्या मागे. आणि हसत होती. तिचं ते हसणं ऐकून उज्ज्वला तोंड फिरवून उभी राहिली. परत येताना गाडीवर सुजू माझ्या पाठीत तोंड खुपसून बोलत होती, की पप्पा, त्या लाल कोंबडीचं नाव राणी आहे, आणि ती कोणाच्या पण मांडीवर बसते. कित्येक दिवसांनी पोरगी आपणहून बोलली. माझी सगळी टिंगल तिथेच संपली. मी ठरवून टाकलं, इथे ॲडमिशन मिळालीच पाहिजे.

आणि इथूनच माझ्यातला क्लासवाला जागा झाला.

कारण निघताना अनुजाताईंनी प्रवेशाचं सांगितलं होतं. जागा थोड्या. परीक्षा नाय, मुलाखत नाय. एक सकाळ नवीन मुलांना आवारात मोकळं सोडायचं, आणि मूल स्वतःहून काय करतं ते तिथल्या ताई-दादांनी, म्हणजे शिक्षकांनी, लांबून बघायचं. पालकांनी ओट्यावर बसायचं, बोलायचं नाय, खुणा करायच्या नायत. "आणि एक विनंती आहे," त्या म्हणाल्या, "कृपा करून मुलांची काहीही तयारी करून घेऊ नका."

आता तुमी असता तर काय केलं असतं? घरी येऊन जेवून झोपला असता. पण मी वीस वर्षं पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात शिरून पोट भरतोय! 'ह्यातलं काही येणार नाही' असं जो मास्तर सांगतो, तो तेच काढतो. 'तयारी करू नका' म्हणजे काय? म्हणजे तयारी भरपूर लागते आणि इतरांनी ती करू नये. मी त्या दिवशी निघतानाच फाटकातून मागे फिरलो होतो आणि हळूच विचारलं होतं, की साधारण भर कशावर असतो? त्या जरा गोंधळल्या, मग म्हणाल्या, कुतूहलावर. म्हटलं, झालं, विषय कळला.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी कुतूहलाचा सराव सुरू.

झाड हा हमखास येणारा भाग. म्हणून मी सुजूला गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीसमोर उभं केलं. डावा हात खोडावर. मान वर. एक श्वास थांबायचं, म्हणजे विचार करतोय असं दिसतं. आणि मग हळू आवाजात विचारायचं, 'हे झाड रात्री काय करत असेल?' प्रश्न माझा स्वतःचा, बरं का. मी त्याच्यावर दोन दिवस घालवले होते. मग माती. मी खालून पाटीभर माती गच्चीवर आणली. दोन्ही हात मातीत घालायचे, चेहऱ्यावर किळस दिसता कामा नये, आणि शेवटी गालाला एक पट्टा लावायचा. गालाला माती असली की मूल एकदम नैसर्गिक दिसतं.

सुजू बिचारी मी सांगेन ते करायची. एकदा मान वर करून उभी असताना तिने विचारलं, "पप्पा, मी हे स्वतःहून कधी करायचं?"

मी म्हणालो, "मी सांगितलं की."

ह्यात काय चुकलं ते मला तेव्हा कळलं नाय. शपथ. उज्ज्वला कपडे वाळत घालत होती, ती तशीच ओले कपडे घेऊन खाली निघून गेली.

जाताना नाय बोलली, पण जेवायला वाढताना बोलली. म्हणाली, "अहो, पोरीच्या पोटात आता संध्याकाळी पण दुखतंय. बघताय ना तुमी?" मी म्हटलं, परीक्षेच्या आधी होतं तसं थोडं, एकदा ॲडमिशन झाली की बंद. त्यावर तिने माझ्या ताटात भाजी वाढली नाय. मी पण मागितली नाय.

आता इथवर थांबलो असतो तरी चाललं असतं. घरची गोष्ट घरात राहिली असती. पण गच्चीला कठडा असतो आणि कठड्यापलीकडे शेजारी असतो. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये बाळू भोईर राहतो, त्याचं खाली मेडिकल आहे. त्याला पण त्याच्या मनस्वीला त्याच शाळेत घालायचं होतं. का? तर त्याच्या मेव्हण्याने त्याच्या पोराला बदलापूरला अशाच शाळेत घातलं होतं आणि तो दर लग्नात त्याच्यावरून भाव खात होता. बाळूने माझा सराव बघितला आणि सकाळी दूध आणायला गेलो तर दुकानातून बाहेर येऊन माझा हात धरला.

म्हणाला, "सर, आमच्या पोरीला पन घ्या ना. तिला स्वतःहून काय करायला येतच नाय."

मी नाय म्हणायला पाहिजे होतं. जागा थोड्या, आणि हा तर स्पर्धक! पण तो सर म्हणाला ना. मला कोणी सर म्हटलं की माझं तोंड आपोआप 'पाठवा' म्हणतं. मनस्वी आली. मग तिच्या मावशीचा मुलगा आला. मग गॅरेजवाल्याची जुळी. मग आणखी दोघं. रविवारी सकाळी माझ्या क्लासच्या बाकांवर ही सगळी पिल्लं बसली, आणि मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'उत्स्फूर्तता'. खाली रेघ मारली.

सगळ्यांना मी एकच प्रश्न दिला, तोच झाडाचा. वेगवेगळे देता आले नसते का? आले असते. पण माझ्या वीस वर्षांच्या धंद्यात मी कधी दोन पोरांना दोन उत्तरं दिली नायत, मला ते जमतच नाय. सुजूसाठी मात्र एक खास वाक्य राखून ठेवलं होतं. सगळ्यांचं झालं की हिने ताईंसमोर जायचं आणि म्हणायचं, 'मला फार काही येत नाही, म्हणूनच मी इथे आले आहे.' बोला! पहिला नंबर ह्याच वाक्यावर.

तो दिवस आला. सकाळी ऊन कोवळं होतं, आवारात सडा घातला होता. आमी सगळे आईबाप ओट्यावर दाटीवाटीने बसलो. बाळूने कडक इस्त्रीची पँट घातली होती आणि तो मातीच्या ओट्यावर रुमाल टाकून बसला होता. आमच्या बॅचच्या शिवाय चार-पाच पोरं बाहेरची होती. उज्ज्वला माझ्या शेजारी बसली होती, पण मधे तिने तिची पर्स ठेवली होती.

अनुजाताई मुलांना म्हणाल्या, ही जागा तुमची आहे, हवं ते करा. आणि त्या बाजूला झाल्या.

बाहेरची पोरं पळाली. एक झोक्याकडे, एक पाण्याकडे, एक नुसतंच गोल गोल. आमची पलटण तिथेच उभी. रांगेत. हात मागे. कारण 'सुरू करा' असं कोणी म्हटलंच नव्हतं! मनस्वी पुढे होती, ती माझ्याकडे बघायला लागली. खुणा करायच्या नव्हत्या, म्हणून मी नजर चुकवली. पण घशात काहीतरी अडकलं म्हणून मी खाकरलो. आता क्लासमध्ये मी खाकरलो की पेपर सुरू होतो. पोरांना ते माहीत होतं. मलाच आठवलं नाय.

पलटण निघाली. सरळ आंब्याकडे.

मनस्वीने डावा हात खोडावर ठेवला. मान वर केली. एक श्वास थांबली. "हे झाड रात्री काय करत असेल?" एका दादांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. अनुजाताईंनी हात छातीशी धरले. बाळूने मला कोपर मारलं. मला वाटलं, जिंकलो.

मनस्वी बाजूला झाली आणि रांगेतला दुसरा पुढे आला. डावा हात. मान. श्वास. "हे झाड रात्री काय करत असेल?" ताईंचं हसू होतं तिथेच राहिलं. मग जुळी. दोघांचा एकदम हात, एकदम मान, एकदम श्वास, आणि कवायतीला ओरडतात तशी एका सुरात, "हे झाड रात्री काय करत असेल?" तोवर झाडाभोवती गर्दी झाली. शेवटच्या मुलाला खोडाला हात लावायला जागा मिळेना. पोरगा माझ्या क्लासचा, थांबायचं कसं? त्याने शेजारच्या पाण्याच्या टाकीला डावा हात लावला, मान वर केली, आणि टाकीला विचारलं, "हे झाड रात्री काय करत असेल?"

ओट्यावर कोणीतरी हसलं. बाहेरच्यांपैकी एक आजोबा होते, त्यांनी आपल्या शेजारच्याला विचारलं की ही शाळेची प्रार्थना आहे का.

मला वाटत होतं, ओटा दुभंगावा आणि मी आत जावं. पण अजून माती राहिली होती ना! सगळी पोरं एकदम खाली बसली, दोन्ही हात मातीत. आणि गॅरेजवाल्याच्या एका जुळ्याने हात वर केला. बोट वर, क्लासमध्ये करतात तसा. आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं विचारलं, "सर, पट्टा डाव्या गालाला की उजव्या?"

अख्खा ओटा माझ्याकडे वळला. मी लांबच्या डोंगराकडे असा बघायला लागलो, जसा आयुष्यात पहिल्यांदा डोंगर बघतोय.

अनुजाताई ओट्यापाशी आल्या. शांतपणेच विचारलं, "ही मुलं तुम्हाला ओळखतात का?"

मी तोंड उघडायच्या आत बाळू बोलला. अभिमानाने, छाती पुढे काढून. "ओळखतात म्हंजे काय ताई, सरांचीच बॅच हाय ही. किती रविवार घासलीत पोरं."

"कसली बॅच?"

"हीच. स्वतःहून करायची."

ताई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो, मला भांडता येतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. उतारावरून चेंडू गडगडत जाताना आपण बघतो ना, काही करता येत नाय म्हणून, तशा. मला कळलं की सुजूची जागा गेली. आणि ती मी घालवली. पोरीला आयुष्यात एक जागा आवडली होती, आणि बापाने तिथे जाऊन क्लास काढला.

पण सुजू कुठे होती? ती पलटणीत नव्हतीच. ती लांब कोंबड्यांपाशी एकटी उभी होती आणि हे सगळं बघत होती. मी शेवटचा प्रयत्न केला. लाज सोडलेलीच होती, मी भुवया उडवल्या. म्हणजे, तुझं वाक्य म्हण, 'मला फार काही येत नाही'. ते ऐकून ताईंना पाझर फुटला तर फुटला. सुजूने माझ्या भुवया बघितल्या. तोंड उघडलं. मिटलं. मग ती चालत चालत अनुजाताईंपाशी आली आणि त्यांचा कुर्ता ओढला.

मी मनातल्या मनात म्हटलं, म्हण गो बाळा, म्हण.

सुजू म्हणाली, "इथे पप्पा रोज येणार का?"

झोक्यावरचा पोरगा पण थांबला. अनुजाताई खाली बसल्या, तिच्या उंचीला आल्या, आणि म्हणाल्या, "नाही. आईबाबा फक्त फाटकापर्यंत."

"आत नाय?"

"आत नाही."

सुजूने वळून माझ्याकडे बघितलं. मग फाटकाकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. अंतर बरोबर आहे का ते बघितलं असावं.

"मग मी येते," ती म्हणाली, आणि कोंबड्यांकडे निघून गेली.

बाळू माझ्या कानात कुजबुजला, "सर, हा प्रश्न आपल्यात नव्हता."

उज्ज्वलाने तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं रडतेय. बघतो तर हसत होती. हसता हसता रडत पण होती, पण हसणं जास्त होतं. अनुजाताई मला म्हणाल्या, की सकाळपासून ऐकलेला हा पहिला खरा प्रश्न, आणि तिची जागा नक्की समजा. तुम्ही मात्र फाटकापर्यंत. हे 'मात्र' त्या जरा जोर देऊन म्हणाल्या. आणि बाकीच्या बॅचचं काय? त्यांना म्हणाल्या, थोडे दिवस घरी नुसतं खेळू द्या, मग परत या.

आता तुमी म्हणाल, ॲडमिशन झाली, मग रडतोस कशाला? अरे, लागतं ना! माझ्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने प्रश्न काढला आणि तो माझ्यापासून सुटका कशी होईल ह्याचा काढला. मी त्या मोठ्या शाळेला शिव्या घालत होतो, टायला शिव्या घालत होतो, बसच्या हॉर्नला पण. पोटदुखीचं खरं कारण रोज सकाळी चहा पीत, पाढे म्हणून घेत तिच्यासमोर बसलेलं असायचं. आणि औषध लागू पडलं हो. आता मी तिला फाटकाशी सोडतो, ती मागे वळून बघत नाय, उड्या मारत जाते. उलटी नाय, पोट नाय, डब्यात काही उरत नाय. मी फाटकाबाहेर थोडा वेळ उभा राहतो, पाड्यावरच्या पोरांबरोबर. आमी सगळे कुंपणातून आत बघतो.

आणि इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुमाला अभिमानाने सांगितली असती, की बघा, माणूस सुधारला.

दुसऱ्याच दिवशी जिन्यात चपलांचा आवाज आला. मला वाटलं, आली ही बॅचची मंडळी, आता वरात निघणार माझी. बाळू पुढे, मागे बाकीचे आईबाप. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, माफीची तयारी करून. तर बाळू खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, की मुरबाडच्या पुढे अशीच दुसरी शाळा निघतेय, तिथे पण असंच मोकळं सोडणार आहेत.

"तर सर," तो म्हणाला, "तुमच्या सुजूचा जो प्रश्न लागला ना, तो ह्या वेळी सगळ्यांना द्या."

मी त्याला समजावून सांगितलं. की बाबा रे, तो प्रश्न कोणी दिलेला नव्हता. तो तिच्या आतून आला.

सगळ्यांनी माना डोलवल्या. बाळूने थोडा विचार केला. मग म्हणाला, "मग आतून यायची प्रॅक्टिस घ्या ना सर."

मी काय केलं असेल? तुमी मला इतकी वर्षं ओळखता. तो सर म्हणाला.

पुढच्या रविवारी बाकांवर सगळी पिल्लं परत बसली. मी फळ्यावर लिहिलं, 'इथे पप्पा रोज येणार का?' पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मी म्हटलं, चला, आता एकत्र म्हणा, आणि आतून आलं पाहिजे. त्यांनी म्हटलं. झाडाच्या प्रश्नाला मला किती रविवार घासावं लागलं होतं, आणि हा पहिल्याच फटक्यात असा मनापासून आला, की खालून हार्डवेअरवाला जिना चढून बघायला आला. मी खूश. म्हटलं, शाब्बास, कोणाला काही शंका?

मनस्वीने बोट वर केलं.

"सर, 'पप्पा'च्या जागी 'सर' म्हटलं तर चालेल का?"

मी काही म्हणायच्या आत अख्ख्या बॅचने वहीत 'पप्पा' खोडून 'सर' लिहिलं होतं.